मोठ्या सिक्लिड माशांची संगत

शोभिवंत माशांचे संवर्धन हा मुंबई शहरालगतच्या शेतकऱ्यास उपयुक्त असा जोडधंदा आहे. ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांत विहिरीचे पाणी, सावलीची जागा आणि घरच्या माणसांचे लक्ष एवढ्या भांडवलावर हे काम सुरू करता येते. माल खपविण्यासाठी शहरही जवळच आहे. तथापि मासा विकला म्हणजे आपली जबाबदारी संपली, ही समजूत या धंद्यास घातक आहे. लालबागच्या चाळीतील एखादे कुटुंब दोन इंच लांबीची ऑस्करची चार पिले आणि सोबत शोभेसाठी दोन एंजल मासे दोन फुटी पेटीत सोडते. सहा महिन्यांत एंजल नाहीसे होतात, ऑस्कर एकमेकांचे पर कुरतडू लागतात, आणि वर्षअखेर एकच मासा उरतो. असे गिऱ्हाईक पुन्हा मासे घेत नाही. शेजाऱ्यासही घेऊ देत नाही.

शहरात ही आवड जुनी आहे. चर्नी रोड स्थानकासमोर मरीन ड्राइव्हवर एका पारशी दात्याच्या देणगीच्या साहाय्याने तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले व १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नूतनीकरणानंतर ते २०१५ साली पुन्हा खुले झाले, आणि २०२० च्या महासाथीत बंद झाले. गिरगाव, परळ व दादर येथील कित्येक पिढ्यांनी जिवंत मासा जवळून पाहिला तो याच वास्तूत. घरी पेटी ठेवण्याची हौस असणारे महात्मा फुले मंडईच्या परिसरातील व दादरच्या दुकानांतून मासे नेतात. मोठ्या माशांत त्यांची नजर बहुधा सिक्लिड जातींवर जाते. कारण उघड आहे. हे मासे दाणा टाकणाऱ्यास ओळखतात, पाहुणा आला की काचेपाशी येतात, आणि वर्षानुवर्षे जगतात.

सिक्लिड हे नाव परके वाटले तरी कुळ परके नाही. कोकणच्या खाड्यांतील कालुंदर याच कुळातील होय. उजनीच्या काठी ज्यास चिलापी म्हणतात तो तिलापियाही याच कुळाचा. मात्र तो मूळचा आफ्रिकेतील असून भारतात १९५२ साली आणला गेला. जगात या कुळाच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत, पैकी भारतातील मूळच्या अवघ्या तीन. या सर्वांचा एक समान गुण म्हणजे अपत्यसंगोपन. रोहू किंवा कटला अंडी सोडून निघून जातो. सिक्लिड नरमादी दगड साफ करून त्यावर अंडी घालतात, पहारा देतात, पिलांस घेऊन हिंडतात. काही जाती तर अंडी तोंडातच उबवितात. पहारा आला की हद्द आली, आणि हद्द आली की भांडण आले. सबब या माशांच्या मारामारीस दुष्टपणा म्हणणे चूक आहे. पुरेशी जागा न देता त्यांना एकत्र कोंडणारा मनुष्यच तेथे दोषी असतो.

म्हणून निवड करताना पिशवीतील पिलाकडे न पाहता पूर्ण वाढलेल्या माशाकडे पाहावे. ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याचा मासा. चांगल्या खाद्यावर तो पहिले काही महिने दरमहा सुमारे एक इंच वाढतो व एक फुटापर्यंत, क्वचित अधिकही, जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. तीत फूटभर मासा धड वळूही शकत नाही. त्यास किमान चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटी हवी. तिचे पाणी सुमारे २५५ लिटर, आणि काच, दगड व घडवंची धरून वजन तीनशे किलोच्या वर जाते. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत जमीन लाकडी तुळयांवर असते. तेथे पेटी भिंतीलगत, तुळयांना आडवी बसवावी व आधी जाणकार अभियंत्यास जागा दाखवावी. सहा फुटी पेटी अशा खोलीत न ठेवणेच बरे. मोठ्या माशाचा मोह असेल तर मोठी खोली आधी हवी. हे गिऱ्हाइकास दुकानातच सांगितलेले चांगले.

आता कोणास कोणाची संगत मानवते ते पाहू. ऑस्कर अंगाने दांडगा, परंतु स्वभावाने त्या मानाने मवाळ आहे. जे तोंडात मावेल ते तो गिळतो, म्हणून गप्पी, टेट्रा व लहान मासे त्याच्याजवळ टिकत नाहीत. सेव्हरम हा त्याचा उत्तम सोबती. तोही दक्षिण अमेरिकेचा, वीतभर वाढणारा, शांत. चार फुटी पेटीत एक ऑस्कर व एक सेव्हरम ही मर्यादा समजावी. दोन्ही एकाच आकाराचे घ्यावे. सेव्हरम किंचित मोठा असल्यास अधिक बरे. पॅरट या नावाने विकला जाणारा नारिंगी संकरित मासा सेव्हरमबरोबर निभावतो. मात्र त्याचे तोंड जन्मतःच नीट मिटत नाही, त्यामुळे चपळ सोबत्यांत तो उपाशी राहतो. त्यास बुडणारा बारीक दाणा वेगळा द्यावा लागतो.

मध्य अमेरिकेचा जॅक डेम्प्सी हा १९१९ ते १९२६ या काळात जगज्जेता असलेल्या मुष्टियोद्ध्याच्या नावाने ओळखला जातो, आणि ते नाव तो सार्थ करतो. इक्वेडोर-पेरूकडील ग्रीन टेरर त्याच पंक्तीतला. हे दोघे चार फुटी पेटीत एकेकटेच ठेवावेत. कॉन्व्हिक्ट मासा चारपाच इंचांचा असल्याने गिऱ्हाईक फसते. त्याची जोडी जमली की ती आपल्याहून दुप्पट माशांस कोपऱ्यात दाबून ठेवते. फ्लॉवरहॉर्न या संकरित माशास तर सोबतीच नको. त्याच्या पेटीत दुसरा मासा सोडणे म्हणजे तो मासा फुकट घालविणे होय.

दुसरी कसोटी पाण्याची. मुंबईचे नळाचे पाणी तानसा, भातसा, वैतरणा इत्यादी तलावांचे, म्हणजे पावसाचे साठविलेले मृदू पाणी आहे. ते ऑस्कर व सेव्हरम यांस मानवते. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या रंगीत सिक्लिडांस कठीण व क्षारयुक्त पाणी लागते. त्यांना ऑस्करच्या पेटीत घालू नये. एकाला सोसेल ते दुसऱ्याला बाधेल. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते पिंपात हवा सोडून दिवसभर ठेवावे व मग वापरावे. चार फुटी पेटीतील पाव भाग, म्हणजे चार बादल्या पाणी, दर आठवड्यास बदलावे. चाळीत पाणी ठरावीक वेळीच येते. ज्यास चार बादल्यांची सोय नाही त्याने मोठा मासा घेऊ नये. मोठ्या माशाच्या विष्ठेतून होणारा अमोनिया डोळ्यांस दिसत नाही, पण कल्ले जाळतो. अशक्त झालेला मासा मग बलवानाचा मार खातो, आणि दोष स्वभावाला दिला जातो.

सोबती शक्यतो एकाच दिवशी पेटीत सोडावेत. जुना मासा आधीपासून असल्यास दगड व लाकडे हलवून पेटीची रचना बदलावी, म्हणजे त्याची ठरलेली हद्द मोडते. एखादा मासा पराचे तुकडे घेऊन पृष्ठभागाशी लपू लागला, तर दोन दिवसांची वाट पाहण्यात अर्थ नाही. मध्ये जाळीचा पडदा टाकावा.

न जमलेला मासा नंतर कोठे जातो, हा प्रश्न खेड्यातील लोकांशी निगडित आहे. कंटाळलेले लोक तो तळ्यात, विहिरीत किंवा सहलीस जाताना धरणात सोडतात व पुण्य केल्याचे समाधान मानतात. तिलापियाने देशातील जलाशयांत कसे बस्तान बसविले हे मच्छीमार जाणतात. मोठ्या सिक्लिडांसोबत काच साफ करण्यासाठी विकला जाणारा सकर मासा पश्चिम बंगाल, आंध्र, तमिळनाडू व केरळ या राज्यांतील पाण्यात पसरला असून त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावतळ्यात असा अनोळखी मासा दिसताच मत्स्यव्यवसाय विभागास कळवावे. संवर्धकाने नको झालेला मासा परत घेण्याची तयारी ठेवावी. मोठा निरोगी ऑस्कर पैदाशीस उपयोगी पडतो.

ऑस्करमध्ये नर व मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. म्हणून सहा ते आठ बोटुकली एकत्र वाढवून जोडी आपोआप जमू द्यावी व जमलेली जोडी वेगळ्या हौदात ठेवावी. एका वेळी हजारावर अंडी मिळतात. पिलांची आकारवार प्रतवारी वेळोवेळी करावी, नाहीतर मोठी पिले लहानांस खातात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संवर्धनास सर्वसाधारण लाभार्थ्यांस ४० टक्के, व महिला, अनुसूचित जाती व जमाती यांस ६० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली होती. सद्यःस्थिती जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावी.

माल मुंबईस पाठविण्यापूर्वी एक दिवस खाद्य बंद ठेवावे, म्हणजे पिशवीतील पाणी नासत नाही. प्रत्येक पिशवीवर जातीचे नाव, पूर्ण वाढ किती इंच आणि कोणासोबत ठेवू नये, एवढे मराठीत लिहिलेली चिठ्ठी लावावी. कूपनलिकेच्या कठीण पाण्यात वाढलेला मासा नळाच्या मृदू पाण्यात एकदम सोडू नये. पिशवी पंधरावीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, नंतर पेटीतील पाणी वाटीवाटीने तासभर पिशवीत घालावे, आणि मग मासा जाळीने उचलून आत सोडावा. पिशवीतील पाणी मोरीत ओतावे.