इंग्रजी लेखनातील नेमका शब्द

गतवर्षी तपासणीच्या फेरीत एका शाळेतील इंग्रजीत लिहिलेला अपघाताचा अहवाल माझ्या पाहण्यात आला. एका मुलाच्या पायाच्या अंगठ्यास दुखापत झाली होती. अहवालात शब्द होते ‘लेग’ आणि ‘थम्ब’. डॉक्टरांच्या दाखल्यात ‘बिग टो’ असल्याने कागद जुळेनात व मदतीचा अर्ज परत आला. वडील मोलमजुरी करणारे. त्यांना पुन्हा हेलपाटे पडले.

यात गुरुजींचा हलगर्जीपणा नव्हता. आपला ‘पाय’ मांडीपासून बोटांपर्यंत पोहोचतो. इंग्रजीत घोट्याखालचा भाग ‘फूट’, वरचा ‘लेग’. हाताचेही तसेच: मनगटापुढे ‘हँड’, मागे ‘आर्म’. ‘थम्ब’ केवळ हाताचा, आणि पायाच्या बोटास ‘फिंगर’ न म्हणता ‘टो’ म्हणतात. कोशातील पहिलाच प्रतिशब्द उचलला की अशी फसगत होते. म्हणून निवडलेला शब्द इंग्रजी-मराठी कोशात उलट पडताळून पाहावा.

नात्यांच्या बाबतीत मात्र मराठीच अधिक काटेकोर आहे. ‘अंकल’ म्हणजे काका की मामा, हे त्या शब्दावरून कळत नाही. पालक म्हणून मामांची सही असल्यास ‘मदर्स ब्रदर’ असेच स्पष्ट लिहावे.