लेखक हाच प्रकाशक : पहिल्या कथासंग्रहाच्या निमित्ताने

अशी कल्पना करा की आपण यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस येथे राहता. शेती, नोकरी किंवा दुकान सांभाळून रात्री लिहिलेल्या अकरा कथा आता पूर्ण झाल्या आहेत. हस्तलिखित तीन प्रकाशकांकडे पाठविले. पहिल्याचे उत्तर आले नाही. दुसऱ्याने ते नम्रपणे परत केले. तिसऱ्याने मात्र आठच दिवसांत स्वीकृती कळविली आणि सोबत खर्चाचे अंदाजपत्रक जोडले. या तिसऱ्या पत्राला काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेऊ. जो स्वतःचे भांडवल पुस्तकात गुंतवितो आणि तोटा सोसण्याची तयारी ठेवतो, तो प्रकाशक. भांडवल आपण देणार असाल, तर अर्थव्यवहाराच्या दृष्टीने प्रकाशक आपणच आहात. समोरची संस्था छपाईची सेवा पुरविणारी आहे. यात गैर काही नाही. गैर तेव्हा घडते, जेव्हा पैसे लेखकाचे असतात आणि पुस्तकावर ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असे छापले जाते. म्हणून स्वाक्षरीपूर्वी करारपत्र सावकाश वाचावे. प्रताधिकार अधिनियम, 1957 नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह झाले तरच ते वैध ठरते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रताधिकार हा लेखन पूर्ण होताच आपोआप लेखकाचा होतो व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. ‘आम्ही तुम्हांला कॉपीराइट मिळवून देऊ’ असे सांगून कोणी रक्कम मागत असेल, तर आपलेच घर आपल्याला विकण्याचा तो प्रकार आहे.

स्वतःचे लेखन स्वतः प्रसिद्ध करणे कमीपणाचे आहे, असा समज आढळतो. मराठी वाङ्मयाचा इतिहास या समजाला आधार देत नाही. हरिभाऊ आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे ठेवली. 1954 मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आदी तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. याच्या उलट जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाचे झाले. 1855 मधील हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले आणि ते छापले गेले थेट 1979 मध्ये. नकार हा गुणवत्तेचा अंतिम निवाडा नसतो, हे यावरून दिसते. अर्थात नाकारलेले प्रत्येक हस्तलिखित ‘तृतीय रत्न’ असते, असेही नाही. आणि नेमक्या याच ठिकाणी स्वयंप्रकाशित लेखकाची खरी अडचण सुरू होते.

ती अडचण म्हणजे संपादन. छपाई विकत मिळते, तटस्थ नजर सहज मिळत नाही. घरच्यांना व मित्रांना सगळ्याच कथा आवडतात. त्यामुळे अकरांपैकी कोणत्या चार वगळाव्यात, एवढाच प्रश्न एखाद्या जाणत्या वाचकाला विचारावा आणि त्याचे उत्तर मुकाट्याने ऐकून घ्यावे.

आपल्या भागातील लेखकापुढे भाषेचा प्रश्नही उभा राहतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (1960) या कादंबरीने वऱ्हाडी संवादांचे सामर्थ्य सिद्ध केले आहेच. परंतु आपल्या पात्राच्या तोंडी ‘डोया’, ‘मले’, ‘काहून’ असे शब्द असतील, तर परगावचा मुद्रितशोधक ते प्रामाणिकपणे ‘डोळा’, ‘मला’, ‘का’ असे ‘सुधारून’ ठेवील आणि पात्राचा आवाजच नाहीसा होईल. तांड्यावरील जीवनाच्या कथेत गोरमाटी शब्द कानाला ऐकू येतील तसे देवनागरीत लिहिले जातात. एकच शब्द तीन कथांत तीन प्रकारे लिहिला गेल्याचे लेखकाच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय साधा आहे. बोलीतील शब्दांची ठरविलेली रूपे एका कागदावर लिहून तो कागद हस्तलिखितासोबत द्यावा. निवेदनाची भाषा प्रमाण असेल, तर तेथे शुद्धलेखनाचे नियम कसोशीने पाळावेत. तसे केले म्हणजे संवादांतील बोली ही चूक नसून निवड आहे, हे वाचकाला कळते.

अक्षरजुळणीच्या वेळी जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतात, ‘वाऱ्या’ आणि ‘वार्या’ यांत गोंधळ होतो. म्हणून रूपांतरानंतर मुद्रिते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावीत, आणि दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावीत.

आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतःच्या नावाने त्यासाठी अर्ज करू शकतो. छापील प्रत व ई-पुस्तक यांना स्वतंत्र क्रमांक लागतात. हा क्रमांक केवळ ओळखीचा आहे. तो गुणवत्तेचा शिक्का नव्हे, हक्काचा पुरावाही नव्हे. 1954 च्या ग्रंथ-वितरणविषयक कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयास व मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील निर्दिष्ट ग्रंथालयांस प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. ही जबाबदारी प्रकाशकाची, म्हणजे आता आपली.

प्रती किती छापाव्यात? येथे उत्साह आवरावा. उदाहरणादाखल असे धरू, की एका प्रतीस 90 रुपये खर्च आला आणि छापील किंमत 200 रुपये ठेवली. विक्रेत्यास 40 टक्के सूट दिल्यावर हाती 120 रुपये येतात. टपाल व वेष्टनाचे 30 वजा करता खर्च जेमतेम भरून निघतो. संपलेल्या प्रतींचे हे गणित. घरात पडून राहिलेल्या प्रती शुद्ध तोट्याच्या. अधिक प्रती छापल्यास प्रत स्वस्त पडते हे खरे, पण पाचशे प्रतींचे गठ्ठे कपाशीसारखे घरात भरून ठेवता येतात, बाजारात नेता येत नाहीत. डिजिटल छपाईमुळे शंभर प्रतींपासून आरंभ करता येतो, तेव्हा तसाच करावा. दिग्रस, दारव्हा, आर्णी, पुसद येथील सार्वजनिक वाचनालये, शाळा-महाविद्यालये आणि जिल्हा ग्रंथोत्सव हे आपले पहिले वाचकक्षेत्र आहे. प्रतिलिपीसारख्या माध्यमावर एखादी कथा क्रमशः देऊन वाचकांचा प्रतिसाद आधी अजमावणे, हाही ‘करमणूक’चाच आजचा अवतार म्हणता येईल.

आणखी एक मार्ग आधी तपासून पाहावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तिचे चालू नियम व मुदत पाहून अर्ज करावा, आणि त्याचा निर्णय कळेपर्यंत तिसऱ्या प्रकाशकास होकार देऊ नये.

क्षेत्रीय कार्य : आपल्या गावच्या वाचनालयातून नव्या लेखकांची तीन पहिली पुस्तके घ्या. प्रत्येकाच्या आरंभीच्या पानावर हक्क कोणाच्या नावे आहेत, प्रकाशक कोण, आयएसबीएन आहे काय, आवृत्ती कितवी, किंमत किती, याची नोंद करा. त्यांपैकी एका पुस्तकातील पहिल्या कथेचे मुद्रितशोधन पेन्सिलने स्वतंत्र कागदावर करा आणि आढळलेल्या चुकांपैकी कोणत्या जुळणीच्या, कोणत्या लेखकाच्या आणि कोणत्या मुळी चुकाच नाहीत, ते ठरवून संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.