पाण्याची वेळ, ओहोटीची वेळ

मैत्रिणींनो, मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्याकडे काय चालतं? पापड-कुरडया, मामाचा गाव, आणि मुलींना मेंदीचा नाहीतर शिवणाचा क्लास! आमच्या गोवंडीतही फारसं वेगळं नसतं. इथल्या वस्तीत मी दुपारी मुलींचा अभ्यासवर्ग घेते. एकदा भरती-ओहोटीचा धडा चालला होता. मी सहज विचारलं, ''आपल्यापासून समुद्र किती लांब गं?'' एक म्हणाली, ''गेटवेला आहे ना, ताई!'' दुसरी म्हणाली, ''जुहूला.''

मला हसावं की रडावं कळेना. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरामागे ठाण्याची खाडी आहे. दिवसातून दोनदा समुद्र तिथवर येतो आणि परत जातो. पण पोरींच्या लेखी तो नाला!

शाळेतल्या बाईंशी बोलले, तर त्या मोकळेपणाने म्हणाल्या, ''अहो, पंधरा वर्षं मी हा धडा शिकवतेय, फळ्यावर चंद्र आणि पृथ्वी काढून. ओहोटीत किनाऱ्यावर उतरून मीसुद्धा कधी पाहिलेलं नाही.''

मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन तिथले जीव दाखवतो. ठरवलं, या सुट्टीत मुलींना आणि बाईंनाही अशी किनारा-फेरी घडवायची.

पण ओहोटी काही आपल्या सोयीने येत नाही! दारावर मासळी घेऊन येणाऱ्या ट्रॉम्ब्याच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ''तिथीची पाऊणपट कर गो बाय, झाली भरतीची वेळ!'' म्हणजे चतुर्थीला चार पाऊण तीन, तीन वाजता पूर्ण भरती. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी किंवा नंतर पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत दूर हटतं. हिशेब करून द्वितीया धरली. दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी सव्वासातला ओहोटी. गोवंडीहून पहाटे पाचला निघायला हवं.

आणि आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं साडेपाचला!

''हंडे कोण भरणार?'' प्रत्येक घरातून हाच प्रश्न. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी चार भावंडांत थोरली. तिच्या आईने तर साफ नाही म्हटलं. मला राग आला. मग माझीच मला लाज वाटली. ती माउली सहाला धुण्याभांड्याच्या कामावर निघते. लेकीने पाणी भरलं नाही, तर घर दिवसभर कोरडं. शेवटी बचत गटाच्या बैठकीत विषय काढला. दोघीतिघी म्हणाल्या, ''एक दिवस आम्ही बघू.'' आणि घरोघरच्या भावांनाही कामाला लावलं. बहिणींच्या सहलीसाठी पोरांनी हंडे उचलले, हे आमच्या गल्लीत पहिल्यांदाच घडलं!

वडाळ्याला गाडी बदलून वांद्रे, तिथून कार्टर रोड. पाणी हटलेलं, काळे खडक उघडे पडलेले. आधी कुणाला काहीच दिसेना. मग डबक्यात फुलासारखं उमललेलं समुद्रफूल दिसलं. ते फूल नव्हे, प्राणी आहे, हे ऐकून बाई चष्मा पुसून पुन्हा वाकल्या. एका शंखाला पाय फुटले. आत खेकडा होता! म्हणून रिकामा शंखही घरी आणायचा नाही, तो कुणाचं तरी उद्याचं घर असतो. खडकाला चिकटलेली कालवं ओहोटीत शिंपले घट्ट मिटून आतलं पाणी जपतात आणि भरतीची वाट बघतात, असं सांगितल्यावर ती हुशार मुलगी पटकन म्हणाली, ''आपल्या पिंपासारखं! नळ येईपर्यंत पुरवायचं.'' पुस्तकातला धडा तिला त्या क्षणी कळला.

अशी सुट्टीतली शाळा जगाला नवी नाही. अमेरिकेत लुई अगासी या शास्त्रज्ञाने १८७३ च्या उन्हाळ्यात एका बेटावर खास शिक्षकांसाठी समुद्रकाठची शाळा भरवली, त्यात शिक्षिकाही होत्या. रेचेल कार्सन १९२९ च्या उन्हाळ्यात वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेली, तेव्हा बावीस वर्षांच्या त्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. पुढे तिने समुद्रावर लिहिलेली पुस्तकं जगभर वाचली गेली. एक उन्हाळा पुरतो, बायांनो!

परतल्यावर आम्ही आपल्या खाडीकडे वळलो. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये 'रामसर' या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत गेला. आमच्या कचऱ्याच्या डोंगरापलीकडे ही दौलत! ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. साधारण मेपर्यंत फ्लेमिंगो असतात, तोवर तिथून बोटीने दाखवतात.

तुमची मुलं कोकणाकडे जाणार असतील तर नुसती भेळ खाऊन परतू देऊ नका. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला मार्च-एप्रिलमध्ये कासवाची पिल्लं समुद्राकडे धावताना दिसतात. शाळेतल्या बाईंना सोबत घ्या, कारण एक शिक्षिका पाहून आली की पुढच्या कितीतरी वर्गांना ते मिळतं. पायात पकड असलेले बूट हवेत. दगड उलटला तर होता तसाच ठेवा. आणि भरती परतायच्या आत किनारा सोडायचा, हे आधी बजावा.

आता ती मुलगी कॅलेंडर बघून भरतीची वेळ सांगते. मागच्या आठवड्यात तिची आई कामावर जाता जाता दारात थांबली. म्हणाली, ''ताई, पुढच्या वेळी पाणी हिचा भाऊ भरेल. मी येऊ का तुमच्याबरोबर?''

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि द्वितीया शोधू लागले.