म्हाताऱ्या तारकागुच्छात इतके गरम तारे कसे? ॲस्ट्रोसॅटला काय दिसलं?

मे अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास परभणीतून दक्षिणेकडे बघा. चित्रा ताऱ्याच्या सरळ खाली, क्षितिजापासून दोन-सव्वादोन मुठी वर (हात लांब करून मोजा) एक पुसट ठिपका असतो. गावाच्या दिव्यांपासून लांब, शेतात गेलात तरच दिसेल. हा ओमेगा सेंटॉरी: सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर असलेला, साधारण १ कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ.

याचं वय जवळपास १,२०० कोटी वर्षं. गरम, निळे तारे इंधन भराभर जाळून लवकर संपतात. मग इथे २० हजार अंशांहून गरम तारे कुठून आले?

तर ते तरुण नाहीतच. सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगून तांबडा होतो. तेव्हा बाहेरचं बहुतेक आवरण निघून गेलं, की आतला हेलियम जाळणारा गाभा जवळजवळ उघडा पडतो. म्हणून तारा इतका गरम!

असे तारे अतिनील प्रकाशात उठून दिसतात; पण तो प्रकाश बराचसा वातावरणातच अडतो. त्यामुळे दुर्बीण अवकाशात हवी. २०१५ मध्ये इस्रोने सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवर ती आहे. बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि पुण्याची आयुका तिच्या उभारणीत होत्या.

२०२२ मध्ये निकाल आला: ओमेगा सेंटॉरीतले हे जास्त गरम तारे सिद्धांताच्या हिशोबापेक्षा अतिनील प्रकाशात बरेच मंद आहेत. म्हणजे गणितात कुठेतरी दुरुस्ती हवी. आणि सूर्याचं म्हातारपण आपण याच सिद्धांतावरून सांगतो!