राजमुद्रा आपल्या वस्तूवर छापता येते का?

मित्रांनो, खिशातले नाणे काढून बघा. एका बाजूला सिंह दिसतील. मोजले तर तीन भरतात, पण खरे सिंह चार आहेत. चौथा मागे आहे म्हणून दिसत नाही. पूर्ण चित्रात सिंहांच्या खाली मधोमध चक्र, एका बाजूला बैल व दुसऱ्या बाजूला घोडा असतो. त्याखाली 'सत्यमेव जयते' लिहिलेले असते. ही आपल्या देशाची राजमुद्रा. सम्राट अशोकाच्या सारनाथच्या खांबावरून ती घेतली आहे. 26 जानेवारी 1950 ला ती आपल्या देशाने स्वीकारली.

मग ही मुद्रा आपण मोटारसायकलवर, दुकानाच्या पाटीवर नायतर लग्नपत्रिकेवर छापू शकतो का? नाही! त्यासाठी 2005 साली कायदा झाला आणि 2007 साली नियम झाले. राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायालये, सरकारी कचेऱ्या अशा नियमात नावे असलेल्यांनीच ती वापरायची. माजी मंत्री आणि निवृत्त साहेबांनासुद्धा आपल्या कार्डावर ती छापता येत नाही. कायदा मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चित्रकलेच्या तासाला वहीत काढली तर? त्या वहीला कोणी सरकारी कागद म्हणणार नाही. लोकांना हे सरकारचेच आहे असे वाटेल, असा वापर करायचा नाही, हे कायद्याचे मुख्य म्हणणे आहे.

नावाचेही तसेच. 2024 साली पुण्यात एका शिकाऊ अधिकारी बाईंच्या खाजगी गाडीवर 'महाराष्ट्र शासन' लिहिले होते आणि दिवाही लावला होता. पोलिसांनी ती गाडी ताब्यात घेतली.

तुम्ही म्हणाल, एका चित्रासाठी एवढा कडक कायदा कशाला? तर ऐका. ज्यांना वाचता येते ते अक्षरे बघतात. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, ती चित्र बघतात. कागदावर सिंह दिसले की त्यांना वाटते, हा सरकारचा कागद आहे, खराच असणार. मग ती अंगठा देतात. उद्या कोणीही सिंह छापू लागला तर लबाड माणूस खोटा कागद घेऊन येईल, आणि जमीन नायतर पैसे जातील. म्हणून हा कायदा मोठ्या साहेबांसाठी नाही, आपल्या आजीसाठी आहे.

आईबाबांनो, नुसते सिंह बघून अंगठा करू नका. कागद आधी वाचून घ्या, नायतर आमच्याकडे द्या. आम्हाला आता वाचता येते.

— इयत्ता 4 थी, उधवा