बहुमाध्यम अध्ययन : रिचर्ड मेयर यांचे संशोधन आणि आपले वर्ग

महाविद्यालयांत प्रोजेक्टर आले. तथापि पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणे म्हणजेच संगणकसाहाय्यित अध्यापन, असा समज आपल्याकडे रूढ झाला. (प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही.) शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे संशोधन या समजालाच छेद देते.

मेयर १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत रुजू झाले. सायकलच्या पंपाचे कार्य कसे चालते, हे त्यांनी चलत्‌चित्र व निवेदन यांद्वारे शिकविले. मात्र परीक्षा पाठांतराची नव्हती. पंप वारंवार दाबूनही हवा येत नसेल तर बिघाड कोठे असावा, असे प्रश्न विचारले गेले. चित्र व निवेदन एकाच वेळी मिळालेल्यांनी ते अधिक चांगले सोडविले. पुढे विजेच्या उत्पत्तीवरील पाठात निवेदनाचेच शब्द पडद्यावर छापले असता आकलन घटल्याचे २००१ मध्ये आढळले. कारण, दृष्टीची ग्रहणक्षमता मर्यादित असते आणि ती चित्र व मजकूर यांत विभागली जाते.

तथापि हे प्रयोग मुख्यतः अमेरिकन विद्यार्थ्यांवर झाले. शिक्षणाची भाषा त्यांची स्वतःचीच होती. दिग्रस परिसरात घरी मराठी वा बंजारा बोलणारा विद्यार्थी इंग्रजी निवेदन ऐकतो, तेव्हा छापील शब्द त्यास आधार ठरू शकतो. परभाषेतून शिकणाऱ्यांचा हा अपवाद मेयर यांनाही मान्य आहे. अशा वर्गात आकृतीलगत केवळ पारिभाषिक संज्ञा लिहावी आणि स्पष्टीकरण मराठीतून तोंडी द्यावे.