'गो अराउंड' ऐकल्यावर

नाशिकहून पुण्याला जाताना आळेफाट्याच्या पुढे पश्चिमेला जुन्नरचे डोंगर दिसू लागतात. ७ जुलै १९६२ रोजी, ऐन पावसाळ्यात, मध्यरात्र उलटल्यावर बँकॉकहून मुंबईला येणारं अलितालिया कंपनीचं डीसी-८ विमान यातल्याच एका डोंगरावर आदळलं आणि आतले सगळे, ९४ जण, मृत्युमुखी पडले. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर लांब होती. पण ती जवळ आली असं समजून वैमानिकाने सुरक्षित उंची सोडली होती. आपण नेमके कुठे आहोत हे ताडून पाहायची साधनं उपलब्ध होती, ती वापरली गेली नाहीत, असं चौकशीत निघालं. माणसाच्या मनात चुकीचं चित्र एकदा पक्कं बसलं की ते चुकीचं आहे हे त्याचं त्याला कळत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या दुसऱ्या वैमानिकाचं खरं मोल इथेच आहे. पण पुढच्या दोन भारतीय अपघातांनी याहून अवघड प्रश्न उभा केला. तिथे दुसऱ्याला चूक दिसली होती, तो बोललाही होता, तरी विमान वाचलं नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की चूक ओळखण्यापेक्षा, ओळखलेल्या चुकीवर लगेच कृती होण्याची व्यवस्था आज जास्त कच्ची आहे.

उतरताना एक जण विमान चालवतो, दुसरा वेग, उंची आणि खाली येण्याचा दर यांवर नजर ठेवतो. ही वाटणी हुद्द्यावर ठरत नाही. सहवैमानिक विमान उतरवत असेल तर नजर ठेवायचं काम कॅप्टनचं. धावपट्टीपासून हजार फुटांवर आल्यावर विमान 'स्थिर' असलं पाहिजे, म्हणजे चाकं बाहेर, फ्लॅप ठरल्या जागी, वेग मर्यादेत आणि खाली येण्याचा दर मिनिटाला हजार फुटांच्या आत. हवा स्वच्छ असेल तर ही हद्द सहसा पाचशे फुटांवर आणतात. यातलं एक जरी जमलेलं नसेल तर 'गो अराउंड', म्हणजे इंजिनांचा जोर वाढवून विमान पुन्हा वर न्यायचं. साधारण सातशे फूट दराने येणाऱ्या विमानाला हजार फुटांवरून जमिनीला टेकायला जेमतेम दीड मिनिट लागतं. एवढ्या वेळात चर्चा होऊ शकत नाही, म्हणून शब्द आधीच ठरवून ठेवलेले असतात.

त्या दोन अपघातांतला पहिला मंगळूरचा. २२ मे २०१० रोजी कॅप्टन प्रवासात दीड तासाहून अधिक झोपले होते. जाग आल्यावरही सुस्ती पुरती उतरलेली नव्हती आणि विमान फार उंचावरून धावपट्टीकडे येत होतं. सहवैमानिकाने पुन्हा पुन्हा 'गो अराउंड' म्हटलं. तरी विमान उतरवलं गेलं, आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट पुढे टेकलं आणि दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ जण गेले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला जवळपास तेच घडलं. कॅप्टन दीपक साठे हवाई दलात मानाची तलवार मिळवलेले, दहा हजारांहून अधिक तास उड्डाण केलेले मराठी वैमानिक. पाऊस कोसळत होता, त्यांच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता, एक प्रयत्न सोडून दुसऱ्या दिशेने, पाठीवर वारा घेत ते उतरत होते. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फुटांवर टेकलं. सहवैमानिकाचा आवाज आधी अडखळता होता, मग स्पष्ट 'गो अराउंड' आलं. चौकशी अहवालाने दोन गोष्टींवर बोट ठेवलं: ही हाक मानली गेली नाही, आणि ती न मानल्यावर सहवैमानिकाने विमान आपल्या हाती घेतलं नाही. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मरण पावले.

यावर पहिला आक्षेप येतो तो अधिकाराचा: शेवटचा शब्द कॅप्टनचाच हवा, नाहीतर कॉकपिटमध्ये गोंधळ माजेल. तो साधार आहे, पण गो अराउंडला लागू पडत नाही. वर गेलेलं विमान पुन्हा उतरवता येतं; धावपट्टी संपल्यावर काही करता येत नाही. ज्या निर्णयाने वाट मोकळी राहते, तो घ्यायचा हक्क दोघांनाही दिल्याने कॅप्टनचा मान कमी होत नाही. दुसरं म्हणणं, आपल्याकडे वडीलधाऱ्यांना उलट बोलत नाहीत, म्हणून हे घडतं. मग १९७७ च्या तेनेरिफेच्या विमान अपघाताचं काय? तिथे धावपट्टी मोकळी आहे का, ही फ्लाइट इंजिनिअरची शंका डच कॅप्टनने उडवून लावली आणि ५८३ माणसं गेली. हुद्द्याचा दाब सगळीकडे असतो. संस्कृतीवर खापर फोडलं की प्रशिक्षणाची जबाबदारी तेवढी हलकी होते. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: गो अराउंडही धोक्याचं असतं. २०१३ मध्ये रशियातल्या कझान इथे पुन्हा वर जातानाच विमान कोसळलं आणि सर्व ५० जण गेले. पण यातून निघतं ते एवढंच, की त्याचा सराव उतरण्याइतकाच नियमित हवा आणि निर्णय हजार फुटांवर व्हायला हवा. चाकं टेकून रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा उलटा जोर, लागला की तो मार्ग बंदच होतो.

आणि तो निर्णय सोपा व्हावा ही जबाबदारी फक्त त्या दोघांची नाही. नाशिकजवळ ओझरला उतरणारं विमान टेकता टेकता पुन्हा उचललं गेलं तर आपण प्रवासी घाबरतो, मग उशिरावरून चिडतो. वैमानिक सांभाळून वागला असं फार थोड्यांना वाटतं. कंपनीचं वेळापत्रकही तसाच दाब टाकतं. कोळिकोडच्या अहवालातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद कॉकपिटबाहेरची आहे. कंपनीच्या तिथल्या तळावर २६ सहवैमानिकांमागे नेमणुकीला एकच कॅप्टन होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण साठे यांनाच न्यायचं होतं. त्यासाठी कोळिकोडलाच उतरायचं, ही ओढ त्यांच्या निर्णयांमागे होती, असं अहवाल सांगतो. दुसरा कॅप्टन त्या तळावर असता, तर दुसऱ्या विमानतळाकडे वळण्याआड सकाळचं ते उड्डाण आलं नसतं.